कारखान्यात वायरलेस वापरणं इतकं अवघड का असतं?

घरी वाय-फाय अडखळलं की काय होतं? व्हिडिओवर गोल चक्र फिरतं, आपण राउटरकडे एक कटाक्ष टाकतो आणि दोन सेकंदांनी सगळं पूर्ववत होतं. आता कारखान्याची शेड डोळ्यासमोर आणा. वर छताला ओव्हरहेड क्रेन, क्रेनला कित्येक टनांचं लोखंड लटकलेलं, आणि खाली एक माणूस हातात वायरलेस रिमोट घेऊन ती क्रेन चालवतोय. त्याने 'थांब'चं बटण दाबलं आणि नेमका त्याच क्षणी सिग्नल अडखळला, तर?

इथे चक्र फिरत ठेवून चालत नाही. घरातलं वायरलेस आणि कारखान्यातलं वायरलेस यांत हाच मोठा फरक आहे. लहरी त्याच, बऱ्याचदा फ्रिक्वेन्सीही तीच, पण उशीर झाला तर चुकवावी लागणारी किंमत वेगळी. या लेखात आपण बघू की कारखान्यात वायरलेसला नेमक्या काय अडचणी येतात, त्या का येतात आणि इंजिनिअर त्यावर काय मार्ग काढतात.

थोडक्यात सांगायचं तर

- धातूमुळे लहरी अडतात, परततात आणि एकमेकींना मारक ठरतात.
- शेडमधली मांडणी रोज बदलते, त्यामुळे काल चाललेलं नेटवर्क आज चालेलच असं नाही.
- मोफत फ्रिक्वेन्सीवर गर्दी असते.
- कारखान्याला वेगापेक्षा वेळेची खात्री जास्त लागते.
- म्हणून पहिला प्रश्न 'रेंज किती?' हा नसून 'सिग्नल गेला तर काय होईल?' हा असतो.

भंडाऱ्याच्या संदर्भात हे का बघायचं?

भंडारा म्हटलं की धान, तलाव आणि पितळेची भांडी आठवतात. पण जिल्ह्यात उद्योगांचे बरेच प्रकार आहेत. वरठीला, म्हणजे भंडारा रोड रेल्वे स्टेशनच्या शेजारी, सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. गडेगावला अशोक लेलँडचा प्लांट आहे. जवाहरनगरला आयुध निर्माणी आहे. तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मॉयलच्या मँगनीजच्या खाणी आहेत. डोंगरी बुजुर्गची खाण उघडी, तर चिखल्याची जमिनीखालची. आणि राईस मिल तर जिल्हाभर आहेत.

पोलाद, गाड्या, स्फोटकं, खाण आणि धान. वायरलेसला छळणाऱ्या जवळजवळ सगळ्या परिस्थिती एकाच जिल्ह्यात सापडतात. पुढची उदाहरणं अशा प्रकारच्या जागांची आहेत, कुठल्या एका कारखान्याची नाहीत. आयटीआय, डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करून तुमच्यापैकी बरेच जण अशा ठिकाणी ॲप्रेंटिस म्हणून जाणार आहात. तेव्हा हे आधीच माहीत असलेलं बरं.

मुळात वायरलेस हवंच कशाला?

वायर इतकी भरवशाची आहे, तर ती काढायचीच का? कारणं साधी आहेत.

काही गोष्टी फिरत्या असतात: क्रेन, फोर्कलिफ्ट, सामान वाहणाऱ्या स्वयंचलित गाड्या. त्यांच्यामागे केबल ओढत नेणं कठीण. काही गोष्टी गरगर फिरतात, तिथे केबलला पीळ पडतो. काही जागा इतक्या तापतात की केबलचं आवरण टिकत नाही. आणि जुन्या मिलमध्ये नवा सेन्सर लावायचा म्हटलं, तर सेन्सरपेक्षा केबल, पाइप आणि खोदकामाचाच खर्च जास्त होतो.

म्हणून तापमान, कंपन, टाकीतली पातळी मोजणारे सेन्सर, क्रेनचे रिमोट, बारकोड वाचणारी यंत्रं आणि वॉकीटॉकी हे सगळं वायरलेस होत गेलं. अडचणी तिथूनच सुरू होतात.

अडचण १: धातू

वाय-फाय आणि ब्लूटूथ ज्या २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, त्या लहरीची लांबी साधारण १२.५ सेंटीमीटर असते. म्हणजे आपल्या वीतभरापेक्षाही कमी. लोखंडी पत्रा, खांब, यंत्र अशा कशावरही ही लहर आदळली की आरशावरून उजेड परतावा तशी परत फिरते.

आता शेडमध्ये तर सगळीकडे असे आरसेच. त्यामुळे एकच संदेश रिसीव्हरपर्यंत अनेक वाटांनी पोहोचतो: एक थेट, एक छताला आपटून, एक क्रेनच्या गर्डरला आपटून. प्रत्येक वाटेची लांबी वेगळी, म्हणून प्रत्येक प्रत किंचित वेगळ्या वेळी येते. दोन लहरींचे उंचवटे जुळले तर सिग्नल वाढतो. एकीचा उंचवटा आणि दुसरीचा खड्डा जुळला तर दोघी मिळून जवळपास शून्य. याला मल्टिपाथ म्हणतात.

गंमत म्हणजे चांगली जागा आणि वाईट जागा यांत अंतर किती असतं? कधीकधी फक्त काही सेंटीमीटर. सेन्सर वीतभर सरकवला की नेटवर्क 'दुरुस्त' होतं ते यामुळेच. आणि शेजारून फोर्कलिफ्ट गेली की पुन्हा बिघडतं, तेही यामुळेच.

दुसरा त्रास सावलीचा. भट्टी, मोठी टाकी, पत्र्याचं कपाट यांच्यामागे लहर नीट पोहोचत नाही. मग 'लपलेलं उपकरण' नावाचा प्रकार घडतो. भट्टीच्या अलीकडचा सेन्सर आणि पलीकडचा सेन्सर, दोघांनाही मधला ॲक्सेस पॉइंट ऐकू येतो, पण एकमेकांचं बोलणं ऐकू येत नाही. दोघांनाही वाटतं की हवा मोकळी आहे. दोघं एकदम बोलतात आणि दोघांचाही संदेश वाया जातो.

अडचण २: जागा रोज बदलते

राईस मिलच्या गोदामाचं उदाहरण घ्या. उन्हाळ्यात गोदाम रिकामं असताना कुणीतरी येतो, मोबाईलवर सिग्नल मोजतो, 'एकदम मस्त' म्हणतो आणि दोन ॲक्सेस पॉइंट लावून जातो. दिवाळीनंतर नवीन धान येतं. पोत्यांच्या थप्प्या छताकडे चढतात. आणि मागच्या कोपऱ्यातला सेन्सर गप्प होतो.

कारण? धानात पाणी असतं. सरकारी खरेदीत धानाच्या ओलाव्याची मर्यादा १७ टक्के आहे, आणि शेतातून नुकतंच आलेलं धान त्याहूनही ओलं असू शकतं. पाणी २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी शोषून घेतं. एका पोत्याने फारसं बिघडत नाही, पण वीस-पंचवीस पोत्यांची थप्पी म्हणजे ओली भिंतच. म्हणजे नेटवर्क सर्वात गरजेचं असतं तेव्हाच, ऐन हंगामात, सर्वात कमजोर होतं.

त्यामुळे सिग्नलची पाहणी भरलेल्या गोदामात, मशिनं चालू असताना आणि माणसांची ये-जा सुरू असताना करायची असते. रविवारी बंद कारखान्यात केलेली पाहणी ही फक्त रविवारपुरतीच खरी.

अडचण ३: गर्दी

२.४ गिगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो, म्हणून सगळेच तिथे येतात: ऑफिसचं वाय-फाय, सीसीटीव्ही कॅमेरे, ब्लूटूथ इयरफोन, सेन्सरचं नेटवर्क, आणि प्रत्येक कामगाराच्या खिशातला हॉटस्पॉट.

या पट्ट्यात वाय-फायची चॅनेल १ ते १३ दिसत असली, तरी ती एकमेकांवर चढलेली असतात. एकमेकांना त्रास न देणारी चॅनेल प्रत्यक्षात तीनच धरतात: १, ६ आणि ११. शिवाय वाय-फाय सभ्य आहे. ते आधी ऐकतं, हवा मोकळी दिसली तरच बोलतं, नाहीतर थांबतं. घरी ही सभ्यता छान. पण मशीनला दर १० मिलिसेकंदांनी संदेश पाठवायचा असेल आणि शेजारच्या कॅन्टीनमध्ये कुणी क्रिकेट बघत असेल, तर 'थोडं थांबतो' म्हणणं महागात पडतं.

५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा जास्त आहे. भारतात २०१८ मध्ये तिथला मोठा भाग लायसन्समुक्त झाला. पण त्या लहरी अडथळ्यांपुढे आणखी लवकर थकतात. म्हणजे जागा मिळते, पण अंतर कमी होतं.

अडचण ४: विजेचा गोंगाट, आणि एक गैरसमज

'वेल्डिंगची ठिणगी उडते म्हणून वाय-फाय जातं' असं सर्रास ऐकायला मिळतं. हे अर्धवट खरं आहे. वेल्डिंग, आर्क भट्टी, मोटरचा वेग बदलणारे ड्राइव्ह यांतून विजेचा गोंगाट निघतो हे खरं. पण फ्रिक्वेन्सी वाढत जाते तसा तो झपाट्याने कमी होतो. २.४ गिगाहर्ट्झपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा जोर बराच ओसरलेला असतो. खालच्या फ्रिक्वेन्सीच्या, उदाहरणार्थ ४३३ मेगाहर्ट्झच्या, उपकरणांना तो जास्त जाणवतो.

मग वेल्डिंग सुरू झाल्यावर सेन्सर का बिघडतो? बऱ्याचदा गोंगाट अँटेनातून येतच नाही. तो मागच्या दाराने येतो. वीजपुरवठ्याच्या तारेतून, सेन्सरच्या लांब केबलमधून, खराब अर्थिंगमधून. रेडिओ ठीक असतो, पण त्याला चालवणारं सर्किट गोंधळतं किंवा रीस्टार्ट होतं. अशा वेळी महागडा राउटर आणून उपयोग नाही. अर्थिंग तपासा, पॉवर केबल आणि सिग्नल केबल वेगळ्या करा. आजाराचं मूळ ओळखल्याशिवाय औषध देऊ नये, तसंच हे.

अडचण ५: वेळ (हीच सर्वात मोठी)

मोबाईलच्या जाहिरातीत आपण वेग बघतो: इतके एमबीपीएस, तितके जीबीपीएस. कारखान्यातल्या सेन्सरचा संदेश मात्र अगदी छोटा असतो, कधीकधी काही बाइट्सचाच. त्याला वेग नको असतो, वेळ पाळणारा हवा असतो.

एक हिशोब करू. कन्व्हेयर सेकंदाला १ मीटर वेगाने चालतोय. 'थांब' हा संदेश १०० मिलिसेकंद उशिरा पोहोचला. तेवढ्यात पट्टा १० सेंटीमीटर पुढे गेला. आणि १० सेंटीमीटर म्हणजे एका हाताचा तळवा.

आता भरवशाचा हिशोब. एखादा विक्रेता सांगतो, 'आमच्या नेटवर्कवर ९९.९ टक्के संदेश पोहोचतात.' ऐकायला भारी वाटतं. पण मशीन सेकंदाला १०० संदेश पाठवत असेल, तर हजारातला एक हरवणं म्हणजे दर १० सेकंदांनी एक हरवणं.

यावर उत्तर येतं, 'एक हरवला तर काय झालं, लगोलग तीन हरवले तरच मशीन थांबवू.' गणिताने बघितलं तर तीन सलग हरवण्याची शक्यता अब्जात एक. सेकंदाला १०० संदेश धरले, तर अशी वेळ साधारण ११६ दिवसांत एकदा येईल. छान!

पण या गणितात एक चोर लपलाय. ते असं धरून चालतं की प्रत्येक संदेश स्वतंत्रपणे हरवतो, नाणं उडवल्यासारखा. प्रत्यक्षात संदेश घोळक्याने हरवतात. अँटेनासमोर ट्रक दोन सेकंद उभा राहिला, की सलग २०० संदेश गेले. महिन्याची सरासरी तरीही ९९.९ टक्क्यांच्या वरच दिसेल, कारण बाकी सगळा वेळ नेटवर्क उत्तम होतं. म्हणून सरासरी विचारू नका. 'सलग जास्तीत जास्त किती वेळ गप्प होतं?' हे विचारा.

फिरत्या गाड्यांना आणखी एक त्रास असतो. गाडी एका ॲक्सेस पॉइंटच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जाते, तेव्हा जोडणी बदलावी लागते. नीट सेटिंग नसेल तर या बदलात सेकंदभरही जाऊ शकतो. घरात हॉलमधून बेडरूममध्ये जाताना व्हॉट्सॲप कॉल क्षणभर तुटतो, तेच हे.

सिग्नल गेला तर काय व्हायला हवं?

कितीही चांगलं वायरलेस केव्हातरी तुटणारच. हे आधी मान्य करायचं आणि मग डिझाइन करायचं.

क्रेनच्या रिमोटचंच बघा. चांगल्या रिमोटमध्ये 'थांब' हा संदेश पोहोचण्यावर सगळी भिस्त नसते. उलट, रिमोट सतत 'मी आहे, मी आहे' असा संदेश पाठवत राहतो. तो ठरलेल्या वेळेत आला नाही, की क्रेनवरचा रिसीव्हर स्वतःहून हालचाल थांबवतो. म्हणजे शांतता हाच 'थांब'चा हुकूम. शिवाय प्रत्येक रिमोटला स्वतःची ओळख असते, त्यामुळे शेजारच्या शेडमधल्या रिमोटने आपली क्रेन हलत नाही. यंत्रांच्या वायरलेस नियंत्रणासाठी आयईसी ६२७४५ नावाचं आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे.

पण 'थांबवणं' म्हणजे नेहमी 'सगळं बंद करणं' नव्हे. चुंबकाने लोखंड उचलणारी क्रेन असेल, तर सिग्नल गेल्यावर हालचाल थांबली पाहिजे, पण चुंबक चालूच राहिलं पाहिजे, नाहीतर माल खाली कोसळेल. भट्टीला थंड ठेवणारा पाण्याचा पंप असेल, तर सिग्नल गेल्यावर तो चालू राहणंच सुरक्षित. म्हणजे प्रत्येक यंत्रासाठी 'सुरक्षित अवस्था' कोणती हे माणसाने बसून ठरवावं लागतं. सॉफ्टवेअर ते आपोआप ओळखत नाही.

आणि एक मानवी बाजू. समजा नेटवर्क खराब आहे आणि क्रेन एका पाळीत दहा वेळा विनाकारण थांबते. काम अडतं, सुपरवायझर ओरडतो. मग कुणीतरी हुशार माणूस जुगाड करतो: थांबण्याची वेळमर्यादा वाढवून ठेवतो, नाहीतर सेफ्टीची वायरच बायपास करतो. आता क्रेन थांबत नाही. जेव्हा थांबायला हवी तेव्हाही नाही. म्हणजे खराब वायरलेसचा खरा धोका फक्त तुटण्यात नाही. ते माणसांना सुरक्षा बाजूला सारायला शिकवतं, यात आहे. कामावर असा जुगाड दिसला तर तो कौतुकाचा विषय नाही. वरिष्ठांना सांगा आणि मूळ नेटवर्क दुरुस्त करून घ्या.

अडचण ६: ऊन, धूळ आणि बॅटरी

मे महिन्यात विदर्भात बाहेरच ४५ अंशांच्या आसपास तापमान असतं. पत्र्याच्या शेडमध्ये छताजवळ, जिथे अँटेना लावायला सगळ्यांना आवडतं, तिथे त्याहून जास्त. साध्या घरगुती राउटरसाठी कंपन्या बऱ्याचदा ४० अंशांपर्यंतचीच हमी देतात. मग दुपारी राउटर हँग होतो आणि संध्याकाळी आपोआप बरा होतो, यात भूतबाधा काही नाही.

मिलमधली तुसाची धूळ लहरींना फारशी अडवत नाही. पण ती पंख्यात, जोडणीत आणि डब्यात जाऊन बसते, उष्णता कोंडते. म्हणून धूळरोधक डबा लागतो. आणि डबा धातूचा असेल तर अँटेना त्याच्या बाहेर काढायला विसरू नका. ही चूक हसण्यासारखी वाटते, पण नेहमी होते.

बॅटरीवरच्या सेन्सरला रेडिओ चालू ठेवणं सर्वात महाग पडतं. संदेश पोहोचला नाही की तो पुन्हा पाठवतो, म्हणजे सिग्नल जितका खराब, बॅटरी तितकी लवकर संपते. दर सेकंदाला माहिती मागायची की दर मिनिटाला, हाही प्रश्न आहे. धान वाळवणाऱ्या ड्रायरचं तापमान सेकंदासेकंदाला मागून मिळणार काय?

अडचण ७: जिथे ठिणगीही चालत नाही

१८९५ मध्ये जगदीशचंद्र बोस यांनी कोलकात्यात एक प्रयोग दाखवला. दूरवरून, मध्ये कुठलीही तार नसताना, त्यांनी विद्युतचुंबकीय लहरींनी घंटा वाजवली आणि बंदुकीची दारूही पेटवली. वायरलेसच्या अगदी सुरुवातीलाच हे दिसलं होतं की लहर निरोपासोबत ऊर्जाही नेते.

आजच्या मोबाईलची ऊर्जा अगदी थोडी असते. तरीही स्फोटकं, ज्वलनशील वायू किंवा पेट घेणारी धूळ असलेल्या जागी नियम कडक असतात. त्यामागे दोन भीती आहेत. एक, उपकरणाच्या आत किंवा बॅटरीत होणारी ठिणगी. दुसरी, लांब तार अँटेनासारखी वागून लहरीची ऊर्जा गोळा करण्याची शक्यता. विजेवर उडणारे डिटोनेटर वापरतात तिथे रेडिओ ट्रान्समीटर ठरावीक अंतरावर ठेवतात ते या दुसऱ्या कारणाने.

अशा जागी वापरायची उपकरणं वेगळी बनवतात. बिघाड झाला तरी स्फोट घडवण्याइतकी ऊर्जा सर्किटमध्ये साठूच नये अशी त्यांची रचना असते. आपल्या देशात पेट्रोलियम आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं काम बघणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय नागपूरला, म्हणजे भंडाऱ्याच्या शेजारीच आहे. तेव्हा 'मोबाईल आत नेऊ नका' असा बोर्ड दिसला, की 'एका फोनने काय होतं' असं म्हणू नका. सिग्नल हवा म्हणून तिथे स्वतःचं वाय-फाय लावणं तर विसराच.

अडचण ८: जमिनीखाली

भूमिगत खाणीत बोगदा वळला की सिग्नल संपतो. खडक लहरी गिळतो. यावर एक जुना आणि सुंदर उपाय आहे: लीकी फीडर, म्हणजे 'गळकी केबल'. साध्या केबलच्या बाहेरच्या आवरणाचं काम सिग्नल आत कोंडून ठेवणं. या केबलच्या आवरणात मुद्दाम फटी ठेवतात, म्हणजे ती लांबभर सिग्नल झिरपवत जाते, ठिबक सिंचनाच्या नळीसारखी. मध्येमध्ये सिग्नल वाढवणारे ॲम्प्लिफायर लावतात. बोगद्यात फिरणाऱ्या माणसाचा वॉकीटॉकी या केबलशी बोलतो. म्हणजे काय, तर बऱ्याच ठिकाणी चांगलं वायरलेस हे चांगल्या वायरवरच उभं असतं.

अडचण ९: नियम

परदेशी वेबसाइटवरून स्वस्त लोरा मॉड्यूल मागवताना एक आकडा नीट बघा. अमेरिकेत चालणारी उपकरणं ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर असतात. भारतात त्या पट्ट्याचा काही भाग मोबाईल कंपन्यांना दिलेला आहे. ते उपकरण इथे लावलं तर ते बेकायदा, आणि जवळच्या मोबाईल टॉवरला त्रासदायकही. भारतात अशा कामासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्समुक्त आहे, त्यातही ट्रान्समीटरच्या ताकदीला मर्यादा आहे. उपकरणाला डब्ल्यूपीसीची मान्यता आहे का, हेही बघायचं.

अडचण १०: सुरक्षितता

तार चोरून ऐकायची तर कारखान्यात शिरावं लागतं. लहर मात्र कुंपणाबाहेरही जाते. म्हणून राउटरचा मूळ पासवर्ड बदलणं, मशीनचं नेटवर्क आणि पाहुण्यांचं वाय-फाय वेगळं ठेवणं, संदेश एन्क्रिप्ट करणं हे टाळता येत नाही. जुन्या, साध्या रिमोटमध्ये एकच ठरलेला कोड असतो. तो एकदा रेकॉर्ड केला की पुन्हा वाजवता येतो.

मग उपाय काय?

- जिथे जमेल तिथे वायर. हलत नसलेल्या आणि जिवाशी खेळ असलेल्या गोष्टींसाठी वायर हाच पहिला पर्याय.
- एकापेक्षा जास्त अँटेना. एक अँटेना 'खड्ड्यात' असेल तेव्हा दुसरी सहसा नसते.
- उड्या मारणं. ब्लूटूथ सेकंदाला १६०० वेळा फ्रिक्वेन्सी बदलू शकतं. एक फ्रिक्वेन्सी खराब असली तरी पुढची चांगली मिळते.
- पाळी ठरवणं. वायरलेसहार्ट हे सेन्सरसाठीचं मानक वेळेचे १० मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं. कोणी कधी बोलायचं हे आधीच ठरलेलं, त्यामुळे भांडण नाही. त्यात सेन्सर एकमेकांचे संदेश पुढेही पोहोचवतात. एक वाट बंद झाली की दुसरी.
- खासगी ५जी. स्वतःच्या आवारापुरतं मोबाईल नेटवर्क. भारतात यासाठी २०२२ मध्ये मार्गदर्शक नियम आले. वेळेची शिस्त चांगली, पण खर्च मोठा. छोट्या राईस मिलला हे परवडणारं नाही आणि त्याची गरजही नाही.
- फ्रिक्वेन्सीचं रजिस्टर. सर्वात स्वस्त उपाय. कोणतं उपकरण, कोणतं चॅनेल, कुठे लावलं आहे, हे एका वहीत लिहा. नवीन काही लावायचं तर आधी वही बघा.

घरी करून बघा

१. फोन स्टीलच्या डब्यात ठेवा, झाकण लावा आणि दुसऱ्या फोनवरून कॉल करा. कधी लागेल, कधी नाही. लागला तर झाकणाच्या फटीतून लहर आत गेली असं समजा. धातू अडवतो, पण फट वाट देते.

२. वाय-फाय ॲनालायझर ॲप घ्या. फोन एका जागी ठेवा आणि मग दहा-दहा सेंटीमीटर सरकवत आकडे बघा. लोखंडी कपाटाजवळ हे नक्की करा. आकडे उणे असतात. उणे ५० छान, उणे ९० म्हणजे जेमतेम.

३. मायक्रोवेव्ह चालू करून त्याच्या शेजारी २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर व्हिडिओ लावा. मायक्रोवेव्हही साधारण २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*जास्त ताकदीचा राउटर लावला तर प्रश्न सुटेल का?*
सहसा नाही. ताकद वाढली की परतणाऱ्या लहरींचीही ताकद वाढते. शिवाय राउटर मोठ्याने ओरडला तरी छोट्या सेन्सरचा आवाज लहानच राहतो. बोलणं दोन्ही बाजूंनी व्हायला हवं.

*५जी आलं की वायरी जातील का?*
काही जातील, सगळ्या नाही. आणि ५जीच्या अँटेनापर्यंतही केबलच जाते.

*वायरलेस आपत्कालीन स्टॉप बटण वापरणं सुरक्षित आहे का?*
त्यासाठीच बनवलेलं आणि प्रमाणित असेल तर वापरता येतं, कारण ते सिग्नल गेल्यावर स्वतःच थांबवतं. घरगुती वाय-फाय स्विचला लाल रंग देऊन मात्र ते काम होत नाही.

शेवटी

उद्या एखाद्या शेडमध्ये तुम्हाला कुणी नवीन वायरलेस सिस्टीम दाखवली, तर तीन प्रश्न विचारा. भरलेल्या, चालू शेडमध्ये तपासली आहे का? सलग सर्वात जास्त किती वेळ गप्प होती? आणि सिग्नल गेला तर मशीन काय करतं? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'सिग्नल जातच नाही' असं आलं, तर क्रेनखालून बाजूला व्हा आणि मग पुढचं बोला.